सासूबाईंची फाइल संशोधनाला द्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा. विट्याजवळच्या गावातून एका सुनेने विचारलंय: सासूबाईंचं वय अंदाजे ७४, तीन वर्षांपासून विसरतात, निदान अल्झायमरचं. थोरले दीर तामिळनाडूत गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात, म्हणून सासूबाई सहा महिने गावी आणि सहा महिने तिकडे. मिरजेत ज्या दवाखान्यात दाखवतात तिथे "नाव काढून टाकून तुमच्या पेशंटची फाइल संशोधनासाठी वापरू का" असं विचारून एक कागद हातात दिलाय. दीर म्हणतात, सही करायची नाही, घरात लग्नाची मुलगी आहे. सही करावी का, असल्या जुन्या कागदांतून संशोधन होतं तरी कसं, आणि सासूबाईंना त्यातून काय मिळणार?

ताई, मी सांगलीत सव्वीस वर्षं मनोविकारांची ओपीडी चालवतोय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सासूबाईंना यातून काहीही मिळणार नाही. असल्या संशोधनाचे निकाल यायला वर्षं जातात. "तुमच्याच पेशंटला फायदा होईल" असं सांगून कुणी सही मागत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. तरीही माझं मत विचाराल तर सही करावी. फक्त त्याआधी ती फाइल खरी आहे का ते बघा. कशी बघायची ते पुढे सांगतो, कारण तो भाग तुमच्याच हातात आहे.

नवीन औषधाची चाचणी होते तेव्हा माणसं पारखून घेतात. अल्झायमरवरच्या लेकानेमॅब या औषधाची मोठी चाचणी झाली ती १,७९५ जणांवर, दीड वर्षाची. आजार अगदी सुरुवातीचा, सोबत माहिती देणारं माणूस, ठरल्या तारखेला तपासण्या. औषधात दम आहे का हे कळायला असंच करावं लागतं. पण माझ्या ओपीडीत येते ती आजी साखर, रक्तदाब, गुडघे आणि बहिरेपण असं सगळं गाठोडं घेऊन, दोन एसट्या बदलून, तेही सून मोकळी असेल तेव्हा. तिच्यासारखीचं पुढच्या पाच-सात वर्षांत काय होतं ते चाचणीत सापडत नाही, ते तिच्या केस पेपरवर असतं. असे लाखभर केस पेपर शेजारी शेजारी ठेवले की एका डॉक्टरला जन्मभर ओपीडी करून जे दिसणार नाही ते दिसायला लागतं.

मला सगळ्यात आवडतं ते वेल्समधलं उदाहरण. तिथे १ सप्टेंबर २०१३ पासून म्हाताऱ्या माणसांना नागिणीची लस द्यायला सुरुवात झाली. नियम असा की जन्म २ सप्टेंबर १९३३ चा किंवा नंतरचा असेल तर लस मिळेल, त्याच्या आधीचा असेल तर कायमची नाही. आता बघा, ऑगस्टच्या शेवटी जन्मलेली म्हातारी आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेली म्हातारी, दोघींचं खाणंपिणं, शिक्षण, पैसा, स्वभाव सरासरीने सारखंच असणार. फरक फक्त सरकारने आखलेल्या एका रेघेचा. संशोधकांनी सात वर्षांच्या डॉक्टरी नोंदी तपासल्या, तर लस मिळालेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) नवी निदानं साधारण एक पंचमांशाने कमी निघाली. २०२५ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. त्यासाठी कुणाला नव्याने दवाखान्यात बोलावलं नाही, कुणाच्या दंडाला सुई लावली नाही. सगळं आधीच लिहून ठेवलेलं होतं. (म्हणून उद्या सासूबाईंना लस टोचायला पळू नका. वेल्समधली लस जिवंत विषाणू अशक्त करून केलेली होती, हल्ली मिळते ती वेगळ्या पद्धतीची आहे. शिवाय आजार सुरू झाल्यावर काय, हा प्रश्न वेगळाच.)

दुसरं उदाहरण माझ्या जिव्हारी लागलेलं. दक्षिण लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयाच्या ट्रस्टने २००८ च्या सुमारास आपल्या सगळ्या मनोरुग्णांच्या नोंदी, नावं झाकून, संशोधकांना शोधता येतील अशी व्यवस्था उभी केली. तिला 'क्रिस' म्हणतात. त्या नोंदींतून २०११ मध्ये निघालं की स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, भ्रम होणं असा गंभीर मनोविकार) असलेल्या पुरुषांचं आयुष्य इतरांपेक्षा १४.६ वर्षांनी कमी भरतं. मनोरुग्ण लवकर जातो तो आत्महत्येनेच, असं आम्ही गृहीत धरून चाललो होतो. प्रत्यक्षात मोठा वाटा हृदयाचा, फुप्फुसांचा, साखरेचा. ते वाचल्यावर माझ्या खोलीत वजनकाटा आणि रक्तदाबाचं यंत्र आलं. त्याआधी अकरा-बारा वर्षं मी आवाज ऐकू येतात का एवढंच विचारत होतो आणि पेशंटचं पोट माझ्या डोळ्यांदेखत सुटत होतं.

आपल्याकडे काय आहे? घरोघर जाऊन केलेल्या लासी-डॅड या पाहणीप्रमाणे साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख. आकडा मोलाचा, पण त्या ८८ लाखांना रोज कुठल्या गोळ्या जातात, कोण पडतं, कोण दवाखान्यात यायचं बंद होतं, हे त्यातून कळत नाही. मानसिक आजारांची २०१५-१६ ची राष्ट्रीय पाहणी बारा राज्यांत झाली, त्यात महाराष्ट्र नव्हताच. '१०/६६' नावाचा एक संशोधन गट आहे, त्याच्या नावातच तक्रार आहे: स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण गरीब देशांत आणि त्यांच्यावर संशोधन दहा टक्क्यांहून कमी. तुमच्या हातातला कागद या उरलेल्या हिशेबातला आहे.

आता फाइल खरी म्हणजे काय ते सांगतो, आणि सुरुवात माझ्याच पापांपासून करतो.

ऑगस्ट २०१९ चा पूर. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. माझ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर फायलींची खोली होती. चालू पेशंटच्या फायली हाताशी हव्यात म्हणून वरच्या फळ्यांवर, आणि जे दोन-दोन वर्षं फिरकले नाहीत त्यांच्या खालच्या फळ्यांवर. पाणी छातीएवढं चढलं. ओसरल्यावर आम्ही फायली गच्चीवर दोऱ्या बांधून वाळत घातल्या. बॉलपेनचं अक्षर टिकलं होतं, जेल पेनचं धुऊन गेलं होतं. कागद निळेजांभळे झाले होते, त्यांवर नुसते शिक्के उरले होते. खालच्या तीन फळ्या शेवटी पोत्यात भरून टाकून द्याव्या लागल्या.

पुढच्या वर्षी एका इंटर्न मुलीने हौसेने उरलेल्या फायलींवरून हिशेब मांडला, की माझ्याकडच्या स्मृतिभ्रंशाच्या पेशंटची तब्येत किती वर्षं टिकते. निकाल झकास होता. इतका झकास की मलाच संशय आला. मग लक्षात आलं, जे बिघडले, गेले, कंटाळून मांत्रिकाकडे वळले, ते सगळे खालच्या फळीवर होते. वाहून गेले ते माझे हरलेले डाव होते. कृष्णामाईने माझी कीर्ती वाढवून ठेवली होती.

पूर न येताही असंच होतं. तुमच्या सासूबाई सहा महिने तामिळनाडूत असतात तेव्हा मिरजेच्या फायलीत सहा महिन्यांची कोरी जागा पडते, आणि संगणक कोऱ्या जागेचा अर्थ "त्रास नव्हता" असा लावू शकतो. तिकडे त्या बाथरूममध्ये घसरल्या असतील, चार दिवस दवाखान्यात असतील, कुणीतरी झोपेची गोळी सुरू केली असेल. इथल्या कागदाला त्याचा पत्ता नाही. खानापूर-आटपाडी भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या फायली मला अशाच अर्ध्या मिळतात. तिकडची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, काय असेल ते मोबाइलवर फोटो काढून मागवा आणि इथे लावायला सांगा. चौदा अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य खात्याचा ओळख क्रमांक) काढला असेल तर तो दोन्ही ठिकाणी द्या, दोन गावच्या नोंदी जुळवायला तोच कामी येतो.

माझं दुसरं पाप म्हणजे "आधीचंच चालू". ओपीडीत ऐंशी माणसं बाहेर बसलेली असताना हे दोन शब्द फार उपयोगी पडतात. एका आजोबांच्या फायलीत मी हे लागोपाठ नऊ वेळा लिहिलंय. दहाव्या भेटीला लिहिलंय: "मुलीला ओळखत नाहीत." मधल्या दीड वर्षात ते कधी, कसे घसरले, याचा एक शब्द नाही. असं काही फायलीत दिसलं तर डॉक्टरांना नम्रपणे सांगा, "डॉक्टर, मागच्या वेळेपेक्षा फरक आहे, एवढं लिहा ना." रागावले तर रागावू देत.

वयाचं तर विचारूच नका. वेल्सचं सगळं संशोधन एका जन्मतारखेवर उभं आहे. आपल्याकडे शाळेत घालताना मास्तरांनी ज्याला त्याला १ जून लावून टाकला, अर्धा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मलाय. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही त्यांचं वय आधार कार्ड काढणाऱ्याने चेहरा बघून लिहिलं. म्हणून फायलींत वयं साठ, पासष्ट, सत्तर अशी गोल येतात. हा आजार वयाबरोबर चढत जातो, तेव्हा वयात दहा वर्षांची चूक म्हणजे सगळा हिशेब गेला. मी विचारतो, "आजी, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा केवढ्या होता?" ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ. आपल्या भागातल्या ज्यांना तेव्हा कळत होतं, त्यांच्यापैकी क्वचितच कुणी तो विसरलंय. ताज्या गोष्टी पुसल्या गेलेल्या असतानाही तो आठवतो. एका आजींच्या कार्डावर पासष्ट होतं आणि त्या म्हणाल्या, "धाकटं काखेत आणि थोरलं हाताला धरून अंगणात पळाले." म्हणजे पंचाहत्तरी कधीच ओलांडलेली. मी पेपरवर दोन्ही लिहितो, कार्डावरचं वय आणि भूकंपावरून काढलेलं. तुमच्या सासूबाईंचंही असं काढून घ्या.

भाषेची एक गंमत सांगतो, कारण हल्ली या फायली माणसं नाहीत, संगणक वाचतो. इंग्रजी नोंदींत "नाही" हा शब्द बहुधा लक्षणाच्या आधी येतो, त्यावरून संगणकाला शिकवलेलं असतं. आमचं मराठी बघा: "आवाज ऐकू येतात असं म्हणत नाहीत." नकार शेवटी. घाईत वाचलं तर पेशंटला आवाज ऐकू येतायत. उलट "झोप लागत नाही" यात नकार आहे आणि लक्षणही आहे. "जेवणाचं भान नाही, त्रास नाही" यातला पहिला नकार आजार सांगतो, दुसरा धीर देतो. त्यात निम्मी नोंद इंग्रजीत, निम्मी मराठीत, आणि अथणी-कागवाडकडून आलेल्या पेशंटची हकीकत नातवाने कन्नडमधून सांगितलेली. "म्हातारचळ", "वाऱ्यासारखं करतात", "डोकं भणभणतं" हे शब्द मी मुद्दाम जसेच्या तसे अवतरणात लिहितो. त्यांचं झटपट इंग्रजी केलं की आत काय होतं ते पुन्हा सापडत नाही.

गोळ्यांबद्दल मात्र तुम्हालाच काम करायचंय. फायलीत असते ती चिठ्ठी, संशोधक ती बघून समजतो की गोळी पोटात गेली. किती गेल्या हे तुम्हाला ठाऊक असतं, मला नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेली झोपेची गोळी, भावकीतल्या कुणाच्या उरलेल्या गोळ्या, कंपवातासाठी किंवा मनोविकाराच्या औषधाबरोबर वर्षानुवर्षं चालू राहिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल (ही म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्ती आणखी गढूळ करते), काढे, भस्मं, सगळं सांगा. लाजू नका. झोपेच्या गोळ्यांचंच बघा. नोंदी चाळणाऱ्या काही संशोधकांना दिसलं की या गोळ्या घेणाऱ्यांना पुढे स्मृतिभ्रंश जास्त होतो. गोळीमुळे झाला का? काही अंशी असेलही. पण हा आजार ओळखू येण्याच्या कितीतरी आधी झोप बिघडवतो, आणि झोप बिघडली म्हणूनच गोळी सुरू होते. म्हणजे धूर आधी दिसला म्हणून त्याने आग लावली असं होत नाही. हा गुंता सोडवायला गोळी नेमकी कधी सुरू झाली आणि विसरणं नेमकं कधी, या दोन तारखा लागतात. त्या कुठल्याच तपासणीत सापडत नाहीत, घरच्यांच्या तोंडी असतात.

खोट्या नोंदीचं याहून कडू उदाहरण स्मृतिभ्रंशाच्या बाहेरचं आहे, तरी सांगतो. द्राक्षबागेच्या पट्ट्यातून औषध प्यालेली माणसं येतात. घरचे म्हणतात, "फवारताना चुकून गेलं." पोलिसांची भीती, गावाची भीती. केस पेपरवर तेच उतरतं: अपघाती विषबाधा. पेशंट मेडिसिन वॉर्डातून बरा होऊन घरी जातो, माझ्यापर्यंत पोचतच नाही. पुढे कुणी जिल्ह्यातल्या नैराश्याचा अभ्यास करायला या फायली उघडल्या तर त्याला दिसतील निष्काळजी शेतकरी. खरं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, शिक्षा नाही, उपचार द्यायचे, असं ठरवलंय. कायदा बदलला, पण कॅज्युअल्टीतल्या त्या पाच मिनिटांत दिलेलं उत्तर अजून तेच आहे.

आता दिरांचं म्हणणं. त्यांची भीती खोटी नाही, त्यांना मोडीत काढू नका. "नाव काढलं" एवढ्याने माणूस झाकला जात नाही. नाव नसलेल्या कागदावर "खानापूर तालुका, अमुक गाव, वय ७४, थोरला मुलगा गलाईच्या धंद्यात" असं राहिलं तर तुमच्या गावातलं शेंबडं पोरही घर दाखवील. म्हणून विचारा: गावाचं नाव काढणार का, फक्त जिल्हा ठेवणार का? जन्मतारखेऐवजी वयोगट ठेवणार का? हकिकतीत मधेच आलेली नावं, फोन नंबर कोण पुसणार? खूणक्रमांक आणि नाव यांची जुळणी असलेली वही कुणाच्या कुलपात राहणार? दवाखान्याबाहेर, एखाद्या कंपनीकडे, हे जाणार का? नीतिशास्त्र समितीची (संशोधनात रुग्णावर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीची) मंजुरी आहे का, असेल तर तिचं पत्र दाखवा म्हणावं. मॉडस्लीच्या त्या व्यवस्थेत कुठला अभ्यास करू द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीवर रुग्णांच्या बाजूची माणसं बसतात, आणि ज्याला नको त्याला आपली नोंद बाहेर ठेवता येते. तुम्हालाही नंतर माघार घेता येईल का, ते लिहून घ्या. आणि सही नाही केली तरी उपचारात फरक पडणार नाही हे कागदावर हवंच. नसेल तर तिथेच थांबा.

कायद्याचं एवढंच. स्मृतिभ्रंश त्याच २०१७ च्या कायद्यात बसतो, व्याख्येत स्मृतीचा उल्लेख आहे. कलम २३ ने माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. कलम ९९ प्रमाणे, जो रुग्ण समजून-उमजून संमती देऊ शकत नाही त्याच्या केस पेपरवरून संशोधनाला परवानगी मिळू शकते, ओळख गुप्त राहणार असेल तर. तरीही तुमच्या दवाखान्याने विचारलं, हे मला चांगलं लक्षण वाटतं. २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा संशोधनाला सूट देतो, पण त्या माहितीवरून एखाद्या ठरावीक माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही या अटीवर. दिरांना हे वाक्य वाचून दाखवा. आणि पुतणीच्या लग्नाचं म्हणाल तर, सासूबाई भर पंगतीत चौथ्यांदा "जेवलास का" विचारतात तेव्हा पाहुण्यांना जे कळायचं ते कळलेलंच असतं.

शेवटी वहीचं सांगतो. एक साधी शंभर पानी घ्या, महिन्यातून एकदा चार ओळी लिहा. तारखा आठवत नसतील तर सणांवरून मागे जा. एका सुनेने मला अशी हकीकत दिली होती: "आधीच्या बेंदराला पुरणाच्या पोळ्या नेहमीसारख्या झाल्या. दसऱ्याला आमटीत मीठ दोनदा पडलं. संक्रांतीला वाणाच्या बायकांची नावं चुकली. पुढच्या बेंदराला पुरण शिजवलं आणि कशासाठी शिजवलं ते विसरून म्हशीला घातलं." स्मरणशक्ती तपासायच्या माझ्या तीस गुणांच्या चाचणीत ती बाई, कधी शाळेत न गेल्यामुळे, पहिल्या दिवसापासूनच नापास होती. खरा उतार मला या चार ओळींत दिसला, महिन्याच्या हिशेबाने. सुट्टे पैसे मोजणं, देवपूजेचा क्रम, शेजारच्या घरून परत येणं, लुगडं नेसणं, रात्रीची झोप, पडणं, आणि ऐकू किती येतं, एवढं पुरे. ऐकू येण्याचा रकाना आमच्या छापील पेपरवर नसतोच, म्हणून तो जास्त महत्त्वाचा. कमी ऐकू येणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत धरलं जातं, आणि कित्येकदा आजी विसरलेली नसते, तिला मुळात ऐकूच आलेलं नसतं. वही पुढच्या भेटीला न्या आणि तिची झेरॉक्स फायलीला लावायला सांगा.

आणि एक राहिलं. तुमच्या प्रश्नात तुमचं मत आहे, दिरांचं आहे, दवाखान्याचं आहे. सासूबाईंना कुणी विचारलं का? तीन वर्षांच्या आजारात माणूस दिवसभर सारखा नसतो. बहुतेकांना सकाळी, चहा झाल्यावर, तासभर बरं समजतं. तेव्हा शेजारी बसा आणि त्यांच्या शब्दांत विचारा: "आत्या, तुमच्या दुखण्याचे कागद डॉक्टर बघणार म्हणतात, दुसऱ्यांच्या उपयोगासाठी. नाव लिहिणार नाहीत. देऊ का?" दोन-तीन वेगवेगळ्या सकाळी विचारा. उत्तर दर वेळी तेच आलं तर ते त्यांचं समजा. हो म्हणाल्या तर सही करा. नको म्हणाल्या, किंवा नुसता हात झटकला, तर कागद कोराच परत द्या, आणि वही मात्र लिहीत राहा.